सातबारा वाचता आला, आता माती वाचता आली पाहिजे

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये दरवर्षी एकच चर्चा सुरू होते. मुलाला डॉक्टर करायचे की इंजिनिअर? नाहीच जमले तर पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेला बसवायचे. अलीकडे या यादीत कायदा आणि संगणक यांचीही भर पडली आहे. यात गैर काहीच नाही. बाबासाहेबांच्या पुण्याईने मिळालेल्या संधीचा समाजाने उपयोग करून घेतला, म्हणूनच आज आपल्यात डॉक्टर आहेत, अधिकारी आहेत, न्यायाधीश आहेत. परंतु या यादीत एक विषय शोधूनही सापडत नाही. तो म्हणजे मातीचा अभ्यास. मृदाशास्त्र, गवत आणि मैदानांचे शास्त्र, पर्यावरणशास्त्र ही नावे आपल्या घरात उच्चारली तर आईबाप विचारतात, "मातीतच लोळायचे होते तर शाळेत कशाला घातले?"

हा प्रश्न वेदनेतून येतो. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबण्यात गेल्या, त्यांना माती म्हणजे वेठबिगारी वाटते. परंतु दुसऱ्याच्या मातीत राबणे आणि मातीवर अधिकारवाणीने बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्यावर लादली गेली. दुसरी आपल्यापासून दूर ठेवली गेली. आपला आजचा जमिनीचा लढा या दुसऱ्या गोष्टीवाचून अडला आहे, हे या लेखाचे म्हणणे आहे.

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. चारही ठिकाणी मृदाशास्त्र व कृषी रसायनशास्त्र शिकविले जाते. संपूर्ण देशाच्या मातीचे सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था १९७६ पासून आहे आणि तिचे मुख्यालय कुठे आहे? नागपुरात. ज्या शहरात १९५६ साली लाखोंनी धम्माची दीक्षा घेतली, त्याच शहरात भारताच्या मातीचे नकाशे तयार होतात. दरवर्षी दीक्षाभूमीवर जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

मातीचा अभ्यास हे काही नवे खूळ नाही. आपल्या सातबाऱ्यावर जो 'आकार' लिहिलेला असतो, त्याचे मूळ मातीच्या परीक्षेत आहे. इंग्रजांच्या काळात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जमीनमोजणीची नवी पद्धत सुरू केली. शेताची लांबी-रुंदी मोजण्यावर ते थांबले नाहीत. माती काळी की तांबडी, खोली किती, खडे किती, चुनखडी आहे का, पाणी साचते का, हे सारे पाहून त्यांनी जमिनीची प्रतवारी केली आणि आण्यांत तिचे मोल ठरवले. सोळा आण्यांची जमीन, आठ आण्यांची जमीन हे शब्द तिथून आले. म्हणजे महसूल खात्याने मातीचे शास्त्र पावणेदोनशे वर्षांपूर्वीच वापरात आणले. ते कोणाच्या हाती होते, एवढाच प्रश्न आहे.

आणि गावात माती कोणाला ठाऊक होती? शिवेच्या वादात महाराची साक्ष निर्णायक मानली जात असे. गावाची हद्द, ओढ्याचे जुने पात्र, कोणता दगड कोणी सरकवला, हे सारे त्याच्या डोक्यात होते. त्या ज्ञानाच्या मोबदल्यात त्याला मिळाली हाडकी-हाडोळ्याची वतनी जमीन आणि रात्रंदिवसाची फुकट चाकरी. हे वतन म्हणजे गुलामगिरीची बेडी आहे हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने संपुष्टात आली आणि जमिनी नव्या शर्तीवर मिळाल्या. चाकरी गेली हे उत्तमच झाले. पण चाकरीबरोबर ते जमिनीचे ज्ञानही गेले आणि त्याच्या जागी विद्यापीठाचे ज्ञान आले नाही. ती जागा अजून रिकामी आहे.

बाबासाहेबांनी स्वतः या विषयात हात घातला होता. भारतातील लहान शेतजमिनींवरील त्यांचा निबंध १९१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी केलेल्या पिंपळे सौदागर गावच्या पाहणीचाही त्यांनी विचार केला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरांवर ठरत नाही; त्या जमिनीवर भांडवल, अवजारे आणि श्रम किती लागतात यावर ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. एकराच्या आकड्याला भुलू नका, हा त्याचा आपल्यासाठी धडा आहे.

हा धडा आज कुठे लागू पडतो ते पाहू. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने राज्यात २००४ पासून भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन शासनाने विकत घेऊन कुटुंबाला द्यायची, अशी ही योजना. सुरुवातीला निम्मे अनुदान आणि निम्मे कर्ज होते. २०१८ पासून ती पूर्ण अनुदानाची झाली आणि जिरायतीसाठी एकरी ५ लाख, बागायतीसाठी एकरी ८ लाख अशी मर्यादा ठरली. योजना चांगली आहे. प्रश्न असा आहे की गावातला जमीनदार आपली कोणती जमीन विकायला काढतो? काळी कसदार काढतो की माळावरची बरड?

चार एकर हा आकडा कागदावर दोन्हीकडे सारखाच दिसतो. पण मीटरभर खोल काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साठून राहते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. वीतभर मातीखाली मुरूम लागला तर पंधरा दिवसांच्या उघडिपीत पीक माना टाकते. कालव्याकाठची जमीन 'बागायत' म्हणून दाखवली जाते, पण ती चोपण झालेली असू शकते. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णेच्या खोऱ्यात अति पाण्याने आणि निचऱ्याअभावी अशा जमिनी नापीक झाल्या आहेत. मातीचा सामू साडेआठाच्या वर गेला आणि तिच्यातल्या विनिमयक्षम सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांपलीकडे गेले, की पाणी मुरत नाही आणि माती दगडासारखी घट्ट होते. जिप्सम आणि निचरा यांवर खर्च केल्याशिवाय तिथे काही उगवत नाही. हे तलाठ्याच्या दप्तरात दिसत नाही. त्यासाठी फावडे घेऊन खड्डा करावा लागतो आणि त्या खड्ड्याची भिंत वाचता यावी लागते.

आपल्या समाजातला मृदाशास्त्राचा एक पदवीधर तालुक्यात असेल तर खरेदीखतापूर्वी एका दिवसात सांगेल, ही जमीन घ्या किंवा ही घेऊ नका. तो नसेल तर कुटुंब स्वाभिमानाच्या नावाने दगडगोटे पदरात घेते, दोन हंगाम राबते आणि पुन्हा ऊसतोडीला जाते. मग तेच जमीनदार म्हणायला मोकळे, "यांना जमीन दिली तरी कसता येत नाही."

दुसरा प्रश्न गायरानाचा. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारोंनी तुरुंग भरले. त्या लढ्याचा वारसा म्हणजे मराठवाड्यात आणि इतरत्र गायरानावर कसून खाणारी आपली कुटुंबे. शासनाच्या २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीपासूनची अशी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची वाट उघडली. त्यानंतर २०११ साली जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले, पण शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात नोंदवला. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली आणि गावोगाव नोटिसांची धास्ती पसरली.

या प्रकरणांत वकील म्हणून उभे राहताना पहिला प्रश्न पुराव्याचा येतो. १४ एप्रिल १९९० पूर्वी तुम्ही ही जमीन कसत होता हे कशावरून? दंडाच्या पावत्या, गाव नमुना एक-ई मधील नोंद, पीकपाहणी. ज्याच्याकडे हे कागद आहेत तो तरतो. पण ज्याच्या नावाची नोंद गावकामगारांनी कधी घेतलीच नाही, त्याने काय करायचे? नोंद ठेवणारा हात ज्याचा, पुरावाही त्याचाच, असा हा खेळ आहे.

इथे शास्त्र उपयोगी पडते. लँडसॅट-५ हा अमेरिकेचा उपग्रह १९८४ पासून पृथ्वीची छायाचित्रे घेत होता. २००८ पासून ती सर्वांना विनामूल्य खुली आहेत. १९८९ च्या दिवाळीनंतरच्या निरभ्र आकाशातले चित्र आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातले चित्र शेजारी ठेवले, तर पडीक माळ आणि पेरलेले रान यांतला फरक ओळखता येतो. या चित्रातला एक ठिपका ३० मीटर लांब-रुंद असतो. एका एकरात असे साडेचारच ठिपके बसतात. म्हणून एकट्या कुटुंबाच्या तुकड्याविषयी त्यावरून ठाम सांगणे कठीण. पण वीस-पंचवीस कुटुंबांनी सलग कसलेले रान त्यात स्पष्ट दिसू शकते. त्याला जमिनीतल्या पुराव्याची जोड द्यावी. वर्षानुवर्षे नांगरलेल्या मातीत नांगराच्या तळाशी घट्ट थर तयार होतो, वेचलेल्या दगडांच्या ताली बांधाला लागतात, शेजारच्या अस्पर्श माळाच्या मातीशी तुलना केली की फरक कळतो. नेमके साल माती सांगणार नाही. पण "हे अतिक्रमण कालपरवाचे आहे" हा खोटा युक्तिवाद ती पाडू शकते. तज्ज्ञाचे मत न्यायालयात ग्राह्य असते. ते आधी पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आहे. कायदा तज्ज्ञाला जागा देतो. आपल्याकडे त्या जागेवर बसवायला तज्ज्ञ नाही.

आता गवताकडे वळू. काहींना हसू येईल की गवताचेही कुठे कॉलेज असते का? असते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट, मिशिगन स्टेट, रटगर्स अशा नामांकित विद्यापीठांत हिरवळीचे व्यवस्थापन हा रीतसर अभ्यासक्रम आहे. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या मैदानांसाठी फिफाने मिशिगन स्टेट आणि टेनेसी या विद्यापीठांतल्या गवताच्या संशोधकांना हाताशी धरले. गोल्फची मैदाने, क्रिकेटच्या खेळपट्ट्या, विमानतळ, मोठ्या वसाहती या सगळ्यांना हे शास्त्र लागते. त्यांच्या पुस्तकातले एक महत्त्वाचे गवत म्हणजे बर्म्युडा. हे बर्म्युडा कोण? आपली हरळी. जी हरळी उपटण्यासाठी आपल्या आयाबाया रोजंदारीवर उन्हातान्हात वाकल्या, तिच्याच मुळांचा, वाढीचा, पाण्याच्या गरजेचा अभ्यास करून तिकडे लोक पदव्या घेतात आणि मानाची नोकरी करतात.

क्रिकेटचे उदाहरण तर आपल्या घरातले आहे. पाळवणकर बाळू हे १८७६ साली धारवाडला चांभार कुटुंबात जन्मले. पुण्यात त्यांनी पारशांच्या क्लबात आणि नंतर गोऱ्यांच्या क्लबात मैदानावर काम केले. रोलर ओढायचा, खेळपट्टी झाडायची, जाळे लावायचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. पगार तीन-चार रुपये. तोच माणूस १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला. तरीही पुण्यात त्याला चहा मिळत असे पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले हा राजकारणाचा इतिहास वेगळा. पण ज्या मातीवर त्यांनी रोलर फिरवला तिची जाण त्यांच्या बोटांत होती, हे कोण नाकारेल? तांबड्या मातीची खेळपट्टी उसळी देते, काळ्या मातीची संथ राहते आणि वाळली की तडकते. त्यामागे चिकणमातीच्या कणांचे शास्त्र आहे. आज हे काम करणाऱ्याला क्युरेटर म्हणतात, त्याचे प्रशिक्षण होते, परीक्षा होते. पण रोलर ओढणारा आणि पाणी मारणारा कोण असतो ते कोणत्याही मैदानावर जाऊन पाहा. पिढ्यान् पिढ्या मैदानावर राबलेल्या घरातला मुलगा क्युरेटर का होऊ नये?

तिसरा विषय पर्यावरणाचा. एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. २००३ च्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व पदवी अभ्यासक्रमांसाठी सहा महिन्यांचा पर्यावरण अभ्यास लागू केला. आपली मुले तो पेपर देतात, वाघ वाचवा आणि ओझोन वाचवा असे लिहून पास होतात. पण मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला पडतो आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी कोण राहते, हे त्या उत्तरपत्रिकेत नसते. गटारात साचणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसतो, प्रमाण वाढले की आधी वास घेण्याची शक्तीच मारतो आणि मग माणूस. ही माहिती रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या माणसाच्या घरात ती पोहोचत नाही. हाताने मैला उचलण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख आणि २०२३ साली ३० लाख रुपये भरपाई ठरवली. भरपाई मेल्यानंतर मिळते. गटाराची हवा मोजणारा, कचराडेपोतून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याचा नमुना घेणारा, वस्तीतल्या विहिरीचा अहवाल हरित न्यायाधिकरणापुढे ठेवणारा पदवीधर माणूस जिवंतपणी उपयोगी पडतो. १९२७ साली महाडला पाण्याच्या हक्कासाठी लढलेल्या समाजाला पर्यावरण हा परक्यांचा विषय वाटावा, ही खेदाची गोष्ट आहे.

शोषित समाजाने मातीचे शास्त्र हाती घेतले तर काय होते याचा दाखला अमेरिकेत आहे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलाम म्हणून जन्मले. काळा आहे म्हणून एका कॉलेजने त्यांना दारातून परत पाठवले. पुढे आयोवाच्या कृषी महाविद्यालयात ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरले, १८९६ साली त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली आणि त्याच वर्षी टस्कीगीला आले. कापसाने खंगलेल्या जमिनीत भुईमूग आणि चवळी घ्या, ही पिके हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे त्यांनी अक्षरओळख नसलेल्या काळ्या शेतकऱ्यांना सांगितले. १९०६ पासून घोडागाडीत प्रयोगशाळा बसवून टस्कीगीचे शिक्षण शेतकऱ्याच्या दारात गेले. महात्मा फुल्यांनी ज्या विद्येची मागणी शेतकऱ्यासाठी केली, ती हीच.

तिथेही सारे सुरळीत झाले असे नाही. अमेरिकी कृषी खात्याने कर्जवाटपात काळ्या शेतकऱ्यांशी भेदभाव केला म्हणून पिगफर्ड खटला लढवावा लागला आणि १९९९ साली तडजोड झाली. कृष्णवर्णीयांच्या कृषी विद्यापीठांना सोळा राज्यांनी तीन दशकांत १२ अब्ज डॉलरहून अधिक निधी कमी दिला, असे २०२३ साली तिथल्या केंद्र सरकारनेच राज्यपालांना लिहून कळवले. म्हणजे ज्ञान आणि कायदा ही दोन्ही शस्त्रे बरोबर चालवावी लागतात. एकाने भागत नाही.

यावर चळवळीतलेच काही मित्र म्हणतील, बाबासाहेबांनी तर गाव सोडायला सांगितले होते, तुम्ही पुन्हा मातीकडे कशाला नेता? आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. शेतीवरचा जादा भार उद्योगांकडे वळवा हे बाबासाहेबांचे मत होतेच. पण त्यांनीच १९४७ साली घटना समितीसाठी केलेल्या निवेदनात जमीन राज्याच्या मालकीची करून सामुदायिक शेती करण्याची योजना मांडली आणि मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या पाण्याचे नियोजन केले. त्यांनी गावची गुलामी सोडायला सांगितले, जमीन आणि पाणी यांवरचा हक्क सोडायला नाही. मृदाशास्त्राचा पदवीधर नांगर धरायला गावात जात नाही. तो प्रयोगशाळेत, बँकेत, धरण खात्यात, विमा कंपनीत, प्रदूषण मंडळात, न्यायालयात बसतो. आणि गावात गेलाच, तर पाटलाच्या वाड्यापुढे हात जोडून उभा राहात नाही.

म्हणून काही गोष्टी ताबडतोब व्हाव्यात. आपल्या वसतिगृहांत आणि मार्गदर्शन केंद्रांत यंदापासून कृषी, मृदाशास्त्र व पर्यावरण शाखांची माहिती द्यावी. परदेशी शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना व्यवस्थापन आणि संगणक यांच्या पलीकडे पाहावे. स्वाभिमान योजनेत प्रत्येक खरेदीपूर्वी खड्डा काढून मातीची खोली, सामू आणि क्षारता तपासल्याचा अहवाल लाभार्थ्याच्या हाती दिलाच पाहिजे, ही मागणी संघटनांनी लावून धरावी. अनुदान समाजाच्या नावाचे आहे, तर त्यातून समाजाला मातीच मिळाली पाहिजे, मुरूम नव्हे. गायरानाच्या दाव्यांसाठी जिल्हावार वकील आणि विज्ञान पदवीधर यांची जोडी उभी करावी.

काळी आपली कधीच नव्हती, पांढरीतही आपल्याला वेशीबाहेर ठेवले. जमिनीचा कागद वाचायला आपण शिकलो तेव्हा निम्मी लढाई जिंकली. उरलेली निम्मी त्या कागदाखाली, हातभर खोल खड्ड्यात आहे. तिथे उतरायला आता आपली मुले-मुली तयार झाली पाहिजेत, हातात फावडे आणि खिशात पदवी घेऊन.

जय भीम!